वापरेल त्यानं टिकली काढायची

बसा वहिनी, दारात उभ्या राहू नका. आपल्या गल्लीतली लाइट गेली की लवकर यायचं नाव घेत नाही, आणि आमच्या इन्व्हर्टरनं आजच मान टाकलीय. हा कंदील आहे तेवढा पुरे आपल्याला. तुम्ही सोनियाचा नंबर मागायला आलात ना? परवा हळदीकुंकवाला आलात तेव्हाच मी ओळखलं होतं. वाण हातात घेऊन तुम्ही माझ्या डब्यांकडे बघत उभ्या होतात. सगळ्याच बघतात. डाळींचे डबे एका उंचीचे, मसाल्यांच्या बाटल्यांवर नावं, चमचे सुद्धा ओळीनं झोपवलेले. कराडात असं घर दुसरं नसेल म्हणतात.

नंबर देते. पोरगी चांगली आहे, कामाला चोख आहे, तिचा यात काडीचाही दोष नाही. पण आधी माझं ऐका, मग काय ते ठरवा. आणि जरा हळू बोलू. आतल्या खोलीत आत्याबाई आहेत, आमच्या सासूबाई. झोपल्यात की जाग्या आहेत, ते मला हल्ली कळत नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावरची रेघ वाकडी गेली तर पुसून परत मारणारी बाई मी. पण घर म्हणाल तर जत्रा उठल्यावरचं मैदान. गॅसचं पुस्तक मशिनमागं, गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात, चष्मा शोधायला दुसरा चष्मा. आमच्या ह्यांची, जयराजांची, कारखान्यात नोकरी. गळीत हंगाम सुरू झाला की माणूस घरी फक्त झोपायला. सगळा रगाडा माझ्याच डोक्यावर. एक दिवस शाळेत जायच्या वेळी साडीवरचा ब्लाउज सापडेना, तेव्हा मी पलंगावर बसून रडले, आणि त्याच दिवशी एका मैत्रिणीनं पाठवलेला सोनियाचा व्हिडिओ बघितला. घर आवरून देणारी बाई. सांगलीची. लोकांची घरं आवरून द्यायची, हाच तिचा धंदा. आधी हसू आलं. आपल्याकडं घर आवरायला सून असते, त्याला बाई कशाला लावायची? पण फोन लावला.

ती आली. गळ्यात टेप, पायात पांढरे बूट, बोलायला गोड. एकेक कपाट उघडून आत बघायची, डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावतात तसं. मी आपली मागं उभी, शरमेनं अर्धी. शेवटी म्हणाली, "ताई, घरात जागा भरपूर आहे. ती अडवलीय कुणी, एवढंच शोधायचंय."

असं म्हणत ती आत्याबाईंच्या खोलीच्या दारात येऊन थांबली. घरातली सगळ्यात उजेडाची खोली ती, पूर्वेची. आत आत्याबाई कॉटवर बसून मशेरी लावत होत्या.

"ही खोली मोकळी झाली असती, तर इथं तुमचे क्लास मस्त चालले असते," सोनिया हळूच म्हणाली. "समोर व्हाइटबोर्ड, खाली सतरंजी. पोरं आरामात बसतील."

पण वहिनी, मी ते ऐकलं. आणि त्या दिवसापासून त्या भिंतीवर मला आत्याबाईंच्या लुगड्यांची दोरी दिसेनाशी झाली, व्हाइटबोर्डच दिसायला लागला.

आत्याबाई म्हणजे सुलाबाई. माहेर शिराळ्याकडचं. मामंजी फौजेत होते, सुभेदार होऊन आले. त्यांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव घातलेली, आत्याबाईंच्या कॉटखाली असायची. तेवढीच त्यांची इस्टेट. ती ट्रंक, एक पितळी तांब्या, वाकळ, हाताएवढा आरसा आणि मशेरीचा डबा. आणि त्या मशेरीवरनंच आमचं वाजायचं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिचा तो जळका, घशाला झोंबणारा वास. पडद्यांना लागायचा, माझ्या धुतलेल्या केसांना लागायचा. मी दुपारी शाळेतनं आले की पहिल्यांदा त्यांच्या खोलीची खिडकी धाडकन उघडायचे. बोलायचे काही नाही. खिडकीच बोलायची माझ्या वतीनं.

मग एकदा त्या तवा गॅसवर ठेवून झोपल्या. मी आले तेव्हा घरभर धूर, तवा लाल झालेला, आणि आत्याबाई तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. काही झालं असतं तर? मी ह्यांना म्हटलं, आता यांना एकटं ठेवता येणार नाही. खोटं होतं का ते? नव्हतं. कारण खरंच होतं. पण खरं कारण एक असतं आणि मनातलं कारण एक असतं, आणि माझ्या मनात तो व्हाइटबोर्ड होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

साताऱ्याच्या पुढं मेढ्याच्या रस्त्याला एक केंद्र आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आम्ही आत्याबाईंना सांगितलं, घराचं काम काढलंय, धूळ उडेल, महिनाभर तिथं राहा, मग आणतो. त्या म्हणाल्या, "बरं." हे मला एकटीला म्हणाले, "महिन्यानं बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. मी मान हलवली.

आता सोनियाची पद्धत सांगते. ती घरातल्या हरेक वस्तूवर गोल स्टिकर लावते. वस्तू वापरली की स्टिकर काढायचा. महिन्यानं बघायचं. ज्याच्यावर स्टिकर तसाच, ते घराला लागत नाही. ते द्यायचं. सोपं आहे, मला फार पटलं. फक्त तिचे ते स्टिकर माझ्या स्टीलच्या डब्यांवर असे बसले की निघता निघेनात. तेव्हा मीच म्हटलं, टिकल्या लावू. वाणात आलेली हिरव्या टिकल्यांची पाकिटं पडून होती. सोनियानं टाळीच दिली. "भारी आयडिया, ताई!" मग काय, मिक्सरला टिकली, साडीच्या हँगरला टिकली, झाऱ्याला टिकली. खंडेनवमीला हत्यारांना कुंकू लावावं तसं सगळं घर आम्ही सजवून सोडलं.

आत्याबाईंची खोली शेवटी केली, त्यांना न्यायच्या दिवशी सकाळी. त्या कॉटवर पाय सोडून बसल्या होत्या, नेसून तयार. आम्ही दोघी त्यांच्या भोवतीनं टिकल्या लावत होतो.

"ह्ये काय लावाय लागलीयास गं, क्रांते?"

"काही नाही आत्याबाई. जी वस्तू वापरू, तिची टिकली काढायची. महिन्यानं जिच्यावर टिकली राहील ती देऊन टाकायची. लागत नाही म्हणून."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ट्रंक, तांब्या, वाकळ, डबा. मग काळ्या हिरड्या दाखवून हसल्या आणि हात पुढं केला. "मग मला गं? मला न्हाई व्हय लावायची?"

सोनिया हसली. मी पण हसले. पाकीट हातातच होतं. मी एक टिकली काढली आणि त्यांच्या पालथ्या हातावर, शिरांच्या मधोमध, अंगठ्यानं दाबून बसवली. "घ्या, लावली!"

"आन ही कुनी काढायची?"

"वापरेल त्यानं काढायची, आजी," सोनिया चेष्टेत म्हणाली.

आत्याबाई त्या टिकलीकडं बघत राहिल्या. मामंजी गेल्यापासून त्यांच्या अंगाला कुंकू की टिकली लागली नव्हती. माझ्या ते लक्षातच आलं नाही. आलं असतं तरी मी लावली असती, हसत होते ना मी.

निघताना त्यांनी चप्पल मागितली. कातडी, जुनी, टाचेशी झिजलेली. मी म्हटलं, तिथं फरशी आहे, तुम्हाला मऊ स्लीपर घेतलीय नवी. खरं सांगू? ती चप्पल पायात असती तर त्या केंद्राच्या गेटाबाहेर पडून एस.टी. धरून परत आल्या असत्या. पायाची खमकी बाई. म्हणून मीच ती चप्पल रॅकच्या मागं सारली. अनवाणीच गाडीत बसल्या.

पहिले काही दिवस छान गेले. दुपारी घरी यायचं, घर गप्प, वास नाही. मी एकेक कप्पा लावत बसायचे, टिकल्या काढायचे. आणि एका दुपारी दार उघडलं तोच घशाला झोंबलं. मशेरी. ताजी, आत्ता तव्यावरनं उतरवलेली. मी सवयीनं चप्पल न काढता तशीच आत गेले, खिडकी धाडकन उघडली आणि मग भानावर आले. खोलीत कुणी नव्हतं. कॉट, तिच्यावर वाकळ. मी म्हटलं, भिंतींत मुरलेला असतो वास, ऊन तापलं की सुटतो. गणिताची बाई आहे मी, उत्तर काढल्याशिवाय राहत नाही.

पण मशेरीच्या डब्यावरची टिकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तांब्यावरची नव्हती. मग वाकळेवरची. पडल्या असतील म्हणून मी खाली वाकून शोधलं, कॉटखाली हात फिरवला. हाताला फुफाटा लागला, तांबडा. आपल्याकडं सगळी काळी माती, वहिनी. तांबडी माती जावळीकडची, मेढ्याच्या त्या रस्त्याची. हात झटकून उठले आणि समोर आरसा आला. आपण बायका अंघोळीच्या आधी कपाळावरची टिकली काढून आरशाला लावतो ना, तशा त्या आरशाच्या कडेला लावलेल्या होत्या. एकाखाली एक, नीट.

मी ह्यांच्यावर चिडले. म्हटलं, आईची आठवण येत असेल तर सरळ बोला, असले खेळ नकोत. हे जेवता जेवता थांबले. "मी कवा असतो गं दुपारचा घरात?" म्हणाले. मग उठून हात न धुता त्या खोलीत गेले. बराच वेळ आत होते. आले ते उष्ट्या हातानं तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

"काय न्हाई. उगं डोक्यात घिऊ नगंस."

पण त्यानंतर ते त्या खोलीकडं फिरकले नाहीत, आणि आईला फोन लाव असंही कधी म्हणाले नाहीत. फोन मीच लावायचे. केंद्रातली सिस्टर पूजा, गुणी पोरगी, व्हिडिओ कॉल लावून आत्याबाईंच्या समोर मोबाइल धरायची. एकदा दुपारी मी आले, तोच वास, मी खिडकी उघडली आणि तिथंच उभी राहून फोन लावला. म्हटलं, डोळ्यांनी बघू, म्हणजे मनातलं जाईल. पलीकडं आत्याबाई दिसल्या. खुर्चीत बसलेल्या, मागं केंद्राची पिवळी भिंत. फोनकडं बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यामागं कुठंतरी बघत होत्या.

"आत्याबाई, बऱ्या आहात ना?"

त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"खिडकी लाव गं क्रांते…" म्हणाल्या. "गार वारं याय लागलंय माज्या पाठीला."

खिडकी लावली मी. मागं वळून कॉटकडं मात्र बघितलं नाही. पूजा म्हणाली, "ताई, इथं तर खिडक्या बंदच आहेत. आजी असंच काहीबाही बोलतात दुपारचं. जागेवर नसल्यासारख्या असतात." मी म्हटलं, वय झालं.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही आणलं जाऊन? वहिनी, हाच प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. मला सगळं कळत होतं. भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती. पण व्हाइटबोर्ड मागवलेला होता, आठवी-नववीच्या पोरांच्या आया विचारून गेल्या होत्या, आणि माणूस एकदा का पायरी उतरला की परत चढायला त्याला फार जड जातं.

महिना झाला. सोनिया आली. माझ्या कपाटात निम्म्या साड्यांवर टिकल्या तशाच होत्या, माळ्यावरची भांडी तर हिरवीगार. तिनं सगळं बाजूला काढायला लावलं. मग ती पूर्वेच्या खोलीत गेली आणि एकेक वस्तू फिरवून बघायला लागली. त्या खोलीत एका वस्तूवर टिकली नव्हती. डबा नाही, ट्रंक नाही, लुगडी नाहीत, कॉटच्या पायाला लावलेली सुद्धा नाही. सगळ्या आरशावर.

"ताई, हे तुम्ही केलंत ना?" ती म्हणाली. "होतं असं. सगळ्यांचंच मन अडतं कुठंतरी. मग ही खोली ठेवायची का? नियमानं बघितलं तर तुमच्या घरात सगळ्यात जास्त वापरातली खोली हीच आहे."

तिनं मला वाट काढून दिली होती हो. एवढंच म्हणायचं होतं, की ठेवू या. मी म्हटलं, "उद्या टेम्पो घेऊन या. मी तयारी करून ठेवते."

आणि दिवेलागणीला, घरात एकटी असताना, मी त्या आरशावरच्या टिकल्या नखानं एकेक काढल्या आणि परत लावल्या. डब्याला लावली. तांब्याला लावली. त्या चिकटेनात, डिंक वाळला होता त्यांचा. तर मी शाळेच्या पिशवीतनं गोंदाची बाटली आणली. एवढी इरेला पेटले होते. डबा हाताला कोमट लागला, तरी लावली. ट्रंकेला लावायला वाकले तेव्हा पाठीमागं कॉट करकरली. कुणीतरी बसलेलं असावं आणि मला जागा द्यायला जरा सरकावं, तशी. मी वळले नाही. ट्रंकेकडं तोंड करूनच मोठ्यानं बोलले, "आत्याबाई, हे आता नाही लागत कुणाला."

वास एकदम गेला. फुंकर मारून दिवा विझवावा तसा.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, टिकली दिसेल ते उचललं. कॉट दारातनं निघेना, तिरकी केली, आपटली, नेली. ट्रंक नेली. आरसा नेला. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला, मी आत येऊन खोली झाडली आणि भिंतीवर हात फिरवला. समाधान वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ वाटलं.

मग पूजाचा फोन आला.

"ताई, आजी सकाळपासनं कॉटवर बसत नाहीत. खाली फरशीवर बसल्यात, उठवलं तर रडतात. म्हणतात, माझी कॉट नेली. पाणी पण घेईनात… तुम्ही येता का?"

हे ड्युटीवर होते. मी एकटीच गाडी काढली. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या मागं-पुढं, साताऱ्यापर्यंत मी काय चालवलं मला आठवत नाही. आत्याबाई भिंतीला टेकून फरशीवर बसल्या होत्या. अनवाणी. नवी स्लीपर प्लास्टिकच्या पिशवीत तशीच, गाठसुद्धा सोडली नव्हती. आणि मांडीवर ठेवलेल्या पालथ्या हातावर ती हिरवी टिकली. रोजच्या अंघोळी, साबण, टॉवेल, सगळ्यातनं टिकलेली.

"आम्ही काढायला जातो तर हात ओढून घेतात," पूजा म्हणाली. "म्हणतात, सून येईल न् काढील."

मी त्यांच्यासमोर बसले. टिकलीला नख लावलं. वहिनी, एवढी सहज निघाली ती, जशी वाटच बघत होती. खाली तेवढाच गोल, फिकट, म्हातारीच्या हातावर कोवळं कातडं. आत्याबाईंनी आधी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लागते व्हय गं मी?"

"लागता," मी म्हटलं. "चला घरी." आणि तिथंच पूजासमोर ढसाढसा रडले. ते मी मनापासून म्हणाले की भ्याले होते म्हणून म्हणाले, हे मला अजून ठरवता येत नाही.

घरी आणलं. चप्पल न्यायचं मी विसरले होते, तशाच अनवाणी उतरल्या. सरळ त्यांच्या खोलीत गेल्या. रिकाम्या खोलीत पाऊल घुमलं. कॉट होती तिथं जाऊन खाली बसल्या.

"मी म्हनलं त्यास्नी, आरं मी बसलीया हिच्यावर," त्या सावकाश म्हणाल्या. "कुनी ऐकलंच न्हाई."

"आत्याबाई…"

"म्हैनाभर हितंच हुते की मी. दुपारची मशेरी भाजायची, तू यायचीस, खिडकी उगडायचीस. लय वाटायचं, आज तरी बोलशील. माज्याकडं बघतबी न्हवतीस."

त्यांचे पाय धरले मी. तळव्यांना तांबडी माती होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मात्र अगदी हलका होता, ठेवल्यासारखा वाटलाच नाही.

टेम्पोतलं सामान तोवर वाटून गेलं होतं, म्हणून नवी कॉट आणली. नवी वाकळ शिवून घेतली. व्हाइटबोर्ड परत केला. मी, जिला त्या वासानं मळमळायचं, ती मी स्वतः तव्यावर तंबाखू भाजून डब्यात भरून त्यांच्या हाताशी ठेवली. त्या हात लावत नाहीत. घास भरवला तर खातात, उठवलं तर उठतात. एकदा मला राहवलं नाही, मी त्या नव्या डब्यावर एक टिकली लावून बघितली. अजून तशीच आहे. कधी कधी मी काम करता करता थांबते आणि दारातनं त्यांच्याकडं बघत राहते. मला वाटतं, आणलं खरं आपण. पण कुणाला आणलं?

आणि आज दुपारी पूजाचा फोन आला. आधी नुसतीच इकडचं तिकडचं बोलत होती. मग म्हणाली, "ताई, आजी घरीच आहेत ना?"

"हो. का गं?"

"तसं काही नाही… त्यांच्या कॉटवर आम्ही नव्या आजी आणल्यात. पण त्या तिथं झोपत नाहीत. म्हणतात, हितं एक बाई खाली बसलेली असती, भितीला टेकून. उठवलं तर म्हणती, थांबा वाईच, माजी सून न्यायला येनार हाय." तिचा आवाज बारीक झाला. "ताई, आमच्याकडं तंबाखू कुणीच लावत नाही. पण दुपारी तिथं भाजल्याचा वास येतो…"

मी तिला म्हटलं, गप्प राहा, कुणाला सांगू नकोस. मी ह्यांनाही बोलले नाही, आत्याबाईंना तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, आणि तेही असं कानाशी. पण मी ठरवलंय वहिनी. जाणार मी उद्या. तिथं जाऊन त्या रिकाम्या भिंतीपुढं बसून काय बोलायचं, काय हातात धरून आणायचं, मला काही ठाऊक नाही. मागची सीट मोकळी ठेवून जाईन आणि म्हणेन, चला. तिला मी तिथं सोडून आलेय हो, एवढं मला कळतंय. ती वाट बघतेय आणि…

थांबा. काय म्हणालात, आत्याबाई?

"उंद्या जातीयास न्हवं गं साताऱ्याला?"

…हो, आत्याबाई.

"मग माजी चप्पल घिऊन जा. तितं मी अनवाणीच बसलीया."